वहीतली विहीर

पत्र

वकीलताई, नमस्कार. मी परतूर तालुक्यातली, लग्न होऊन वाळूजला गेले. नवरा एमआयडीसीत कंपनीत आहे. मुलगा चार वर्षांचा. तो आठ महिन्यांचा होता तेव्हा मला रात्र-रात्र झोप लागत नव्हती, पाजायला घेतलं की रडू यायचं. नणंदेनंच मला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या अन् एका समुपदेशक मॅडमकडं पाठवलं. त्यांच्याकडं दीड वर्ष गेले. मी बोलायचे, त्या वहीत लिहायच्या. आईला सांगितली नाही अशी एक गोष्ट मी त्यांना सांगितली. माहेरी आले होते तेव्हा एका दुपारी लेकराला कडेवर घेऊन विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिले होते. काही केलं नाही. परत आले, त्याला वरणभात भरवला.

आता आमचं मोडलंय. नवऱ्यानं संभाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाची अन् मुलाच्या ताब्याची केस टाकली. मी 'वेडसर' आहे असं त्यात लिहिलंय. त्यांचे वकील म्हणायलेत, त्या मॅडमला वहीसकट पिंजऱ्यात उभं करतो. मॅडमला मी पाठवलेल्या मेसेजचे फोटो नवऱ्यानं माझ्या मोबाईलवरून आधीच काढून घेतलेत. मी मॅडमकडं जाणं बंद केलं. त्यांना वही फाडून टाका म्हणावं का? डॉक्टर-पेशंटचं गुपित कायद्यानं झाकलेलं असतं ना? आई म्हणती, पैसे देऊन परक्या बाईला घरातलं सांगायला तुला कुणी सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात तारीख आहे.
— एक आई, जि. जालना

उत्तर

वही फाडायची नाही. मॅडमना तसं सुचवायचंही नाही. समोरासमोर नाही, फोनवर नाही, मेसेजवर तर अजिबात नाही. कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकणारा कागद मुद्दाम नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. गुन्ह्याचं घडीभर बाजूला ठेव. फाडलेल्या वहीत काय होतं हे मग समोरचा वकील आपल्या मनानं सांगायला मोकळा होतो. आज त्या वहीत एकच विहीर आहे. फाडलीस तर तो दहा खोदील.

तू माझ्या धाकटीच्या वयाची दिसतेस, म्हणून अहो-जाहो न करता लिहिते. तुझी फाईल मी पाहिलेली नाही, तेव्हा मी सांगते ते तुझ्या वकिलांसमोर ठेव अन् मग पाऊल टाक.

आता तुझा खरा प्रश्न. गुपित झाकलेलं असतं का? असतं. पण झाकण उचलायचा अधिकार कोर्टाला आहे. आपल्याकडं शिकलेली माणसंही इथं गल्लत करतात. गुपित पाळायचं बंधन ही एक गोष्ट झाली. कोर्टानं विचारलं तरी तोंड न उघडण्याचा हक्क ही दुसरी. पहिलं तुझ्या मॅडमवर आहे. दुसरा त्यांना नाही.

हा दुसरा हक्क आपल्या कायद्यानं मोजक्याच लोकांना दिला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात नवरा-बायकोतलं बोलणं झाकलेलं होतं आणि अशील-वकिलातलं झाकलेलं होतं. डॉक्टरचं नाव त्यात नव्हतं. मनाच्या डॉक्टरचं तर त्या काळी कुणाच्या डोक्यातही नसेल. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. कलमांचे आकडे बदलले, नवरा-बायकोचं १२८ झालं, वकिलाचं १३२ झालं, पण समुपदेशकाला जागा मिळाली नाही. मला विचारशील तर दीडशे वर्षांनी कायदा नवा लिहायला बसल्यावर एवढी एक ओळ घालायला हरकत नव्हती. त्यातही गंमत बघ, नवरा-बायकोचं झाकण दोघं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिले की गळून पडतं. म्हणजे तुझ्या केसमध्ये ते तसंही कामाचं नाही.

वेबसिरीजमध्ये बघून तुला वाटलं असेल की थेरपिस्टला कुणी काही विचारूच शकत नाही. ते अमेरिकेतलं. तिथं १९९१ मध्ये मेरी लू रेडमंड नावाच्या एका पोलीस बाईनं ड्युटीवर असताना एका माणसाला गोळी घातली, तो मेला. त्यानंतर ती एका समाजकार्यकर्तीकडं समुपदेशनाला जायला लागली, जवळपास पन्नास बैठका झाल्या. मेलेल्याच्या घरच्यांनी केस केली आणि त्या बैठकांच्या नोंदी मागितल्या. दोघींनीही द्यायला नकार दिला. खालच्या कोर्टात ते रेडमंडबाईला महागात पडलं. पण १९९६ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध दोन अशा मतानं ठरवलं की थेरपिस्टला, अगदी परवानाधारक समाजकार्यकर्तीलासुद्धा, हे बोलणं उघड करायला भाग पाडता येणार नाही. उद्या हे कोर्टात वाचलं जाईल या भीतीनं माणूस बोललाच नाही, तर उपचार कसला होणार, असा त्यांचा विचार. तू मॅडमकडं जाणं बंद केलंस, ते नेमकं याच भीतीनं. आपल्या कोर्टानं अजून एवढी पक्की भिंत बांधलेली नाही.

आपल्याकडं भिंत नाही, पण कुलूप आहे, आणि बऱ्यापैकी भक्कम आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याचं कलम २३ सांगतं की मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्यांवर ती गुप्त ठेवायचं बंधन आहे. मोबाईल-कॉम्प्युटरमधल्या माहितीलाही ते लागू आहे, हे पुढच्या कलमात स्पष्ट लिहिलंय. नवरा आहे म्हणून मॅडमच्या दारात जाऊन 'द्या बघू वही' म्हणायचा अधिकार त्याला नाही. त्याच्या वकिलानं नोटीस पाठवली तरी नाही. तसं कुणी आलं तर 'तिची लेखी संमती किंवा कोर्टाचा हुकूम आणा' एवढं एकच वाक्य मॅडमनी बोलायचं. 'हो, त्या माझ्याकडं यायच्या' हेसुद्धा बोलायचं नाही. तुझ्या डॉक्टरांवर वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांचंही बंधन आहे. पेशंटचं गुपित सांगायचं ते कोर्टात, न्यायाधीशांच्या हुकमावर. याखेरीज कुणाच्या जिवाला थेट धोका असणं किंवा साथीचा आजार, असे थोडके अपवाद.

मॅडमबद्दल एक गोष्ट मात्र विचारून घे. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का, मनोसामाजिक कार्यकर्त्या आहेत का, नोंदणी आहे का? कायद्यात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कुणाला म्हणायचं याची यादी आहे. त्या यादीत बसत असतील तर तुझ्या वकिलांना कलम २३ चा आधार छातीठोकपणे घेता येईल. नसतील तरी डॉक्टरांनी पाठवलं म्हणून गेलीस, तो उपचाराचाच भाग होता, असं मांडता येतं. म्हणून डॉक्टरांची ती चिठ्ठी शोध. जुन्या पिशवीत, गोळ्यांच्या पाकिटासोबत असेल.

या कुलपाला अपवाद आहेत. कुणाला इजा होण्याचा धोका असेल तर तो टळण्यापुरती माहिती सांगता येते. विहिरीचं तू सांगितलंस तेव्हा मॅडमना वाटलं असतं की लेकराला आता धोका आहे, तर त्यांनी तुझ्या आईला किंवा नणंदेला कळवलं असतं, आणि ते चूक ठरलं नसतं. त्यांनी तोललं, तुझ्याशी बोलल्या, तू सावरलीस. तीन वर्षांपूर्वीचा तो धोका आज दाखवून ही खिडकी उघडता येणार नाही. दुसरा अपवाद हुकमाचा. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट 'किंवा अधिकार असलेलं दुसरं वैधानिक प्राधिकरण' यांच्या आदेशानं माहिती देता येते, असं कलम म्हणतं. कौटुंबिक न्यायालयाचं नाव त्यात नाही. तुझ्या वकिलांनी हा मुद्दा मांडावा. मात्र त्यावर सगळी केस टांगू नये, कारण त्या शेवटच्या शब्दांत आपलं कोर्ट बसतं असं समोरचा म्हणेलच.

आणि कौटुंबिक न्यायालयाचं दार तसं मोठं आहे. १९८४ च्या त्या कायद्यात कलम १४ आहे. वाद मिटवायला उपयोगी वाटला तर एरवी पुराव्याच्या कायद्यात न बसणारा कागदही कोर्ट बघू शकतं. नवरा-बायकोच्या भांडणात सगळंच चार भिंतींच्या आत घडलेलं असतं, म्हणून ही सूट. तुझ्या नवऱ्याचे वकील याच कलमावर जोर देणार. पण 'बघू शकतं' आणि 'बघितलंच पाहिजे' यांत फरक आहे, आणि आपली लढाई त्या फरकातच आहे.

ती कशी होते ते सांगते, म्हणजे तारखेला तुझे पाय लटपटणार नाहीत. समोरचे वकील 'अमुक साक्षीदाराला वहीसह बोलवा' असा अर्ज देतील. त्यावर तुझ्या वकिलांना 'से', म्हणजे लेखी उत्तर, द्यायला वेळ मिळतो. तो से गुळमुळीत नको. त्यात पहिलं हे विचारायचं की वहीत नेमकं काय आहे म्हणून हवीय? आधी आरोप ठोस हवा, मग त्यासाठी कागद. नुसतं 'काहीतरी सापडेल' म्हणून गाळ उपसायचा नसतो. सुप्रीम कोर्टानं २००३ मध्ये शारदा विरुद्ध धरमपाल या केसमध्ये वैवाहिक वादात वैद्यकीय तपासणीचा हुकूम देता येतो असं म्हटलं, ते समोरचे वकील वाचून दाखवतील. त्याच निकालात लिहिलंय की अर्जदाराची बाजू प्रथमदर्शनी भक्कम हवी आणि कोर्टासमोर पुरेसं साहित्य हवं. ते तुझ्या वकिलांनी वाचावं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, तेव्हा कोर्टाला तोही तोलावा लागतो.

एवढं करूनही कोर्टानं वही मागवली, तर? मॅडमना जावं लागेल. समन्स आलं की कागद न्यावाच लागतो. पण कागद नेणं म्हणजे वाचून दाखवणं नव्हे. तिथं उभं राहून हरकत घेता येते आणि हरकत रास्त आहे की नाही ते न्यायाधीश ठरवतात, अशी सोय साक्ष अधिनियमातच आहे. मॅडमनी वही सीलबंद पाकिटात न्यावी. तुझ्या वकिलांनी अर्ज द्यावा की साहेबांनी आधी स्वतः चेंबरमध्ये बघावी आणि केसशी संबंध असलेला तेवढाच भाग घ्यावा, किंवा वहीऐवजी मॅडमनी पानभर लेखी सार द्यावं. आणि 'इन कॅमेरा'चा अर्ज पहिल्याच तारखेला टाकून ठेवा. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात कलम ११ आहे. दोघांपैकी एकानं मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. मागितलं नाही तर नुकसान तुझं. बाकड्यावर बसलेले दुसऱ्या केसचे नातेवाईक तुझी विहीर ऐकत बसतील. आपल्याकडं परतूरला ती संध्याकाळच्या गाडीनं पोचायला वेळ लागत नाही.

एक आठवण सांगते. कुणाची, कुठली ते विचारू नको. अशीच एक वही, दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. समोरच्या वकिलांनी पिवळ्या चिठ्ठ्या लावून आणली होती. उलटतपासात त्यांनी मोठ्या आवाजात एक ओळ वाचली, 'लेकराचा आवाज नकोसा होतो.' माझी अशील खाली बघत राहिली. न्यायाधीशांनी वही मागून घेतली. चिठ्ठी लावलेलं पान वाचलं, मागचं वाचलं, मग पुढची उलटत गेले. कोर्टात फक्त पंख्याचा आवाज. मग त्यांनी स्वतःच एक पान वाचून दाखवलं, दोन महिन्यांनंतरचं. 'आज शाळेतून येताना त्याच्यासोबत चिंचा खाल्ल्या. त्यानं बी गिळलं, घाबरले, हसले.' वकिलांकडं बघून म्हणाले, याला चिठ्ठी का नाही लावली? त्या बाईला मुलगा मिळाला की नाही हे एका पानावर ठरलं नाही, पुष्कळ गोष्टी होत्या. पण तेव्हापासून वहीला मी तेवढी भीत नाही. अर्धवट वाचलेल्या वहीला भिते. म्हणून कोर्टात वाचायचीच वेळ आली तर तुकडे नकोत, त्या काळातलं सगळं बघा, असा आग्रह धरायचा.

त्याआधी वहीत काय आहे ते तुला माहीत हवं. कलम २५ प्रमाणे स्वतःची उपचाराची कागदपत्रं मागायचा हक्क तुला आहे. मॅडमकडं आणि डॉक्टरांकडं साधा अर्ज कर, प्रती घे आणि वकिलांसमोर बसून वाच. एकटी वाचू नको. आपलंच दुःख दुसऱ्याच्या अक्षरात वाचणं सोपं नसतं.

आणि वकिलांना विहिरीचं सांग. आत्ताच. तुझ्या पत्रावरून मला शंका येते की तू ते त्यांच्यापासूनही लपवलंयस. वकिलाला सांगितलेलं मात्र भिंतीआड राहतं, ती भिंत १८७२ पासून आहे. त्यांना ते पहिल्यांदा पिंजऱ्यासमोर कळलं तर ते काय करणार?

आता 'वेडसर'चं. तुझी केस हिंदू विवाह कायद्याखाली असावी असं धरून चालते. त्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण कसा आजार? जोडीदारानं सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये, एवढा. सुप्रीम कोर्टानं १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता केसमध्ये सांगितलंय की नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, त्याची तीव्रता बघायची. बाळंतपणानंतर तुला आलं ते नैराश्य. गोळ्या घेतल्यास, दीड वर्ष बोलायला गेलीस. २०१७ च्या कायद्यात आणखी एक वाक्य आहे, ते तुझ्या जबाबात हवंच. कुणाला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो 'विकल मनाचा' ठरत नाही, सक्षम कोर्टानं तसं जाहीर केल्याशिवाय. कलम तीन. याच कायद्यात असंही आहे की मानसिक उपचारासाठी दाखल झालेल्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून तोडायचं नाही. म्हणजे दाखल होऊन उपचार घेणाऱ्या आईलाही कायदा लेकराजवळ ठेवायला बघतो. तू तर घरातून जाऊन-येऊन उपचार घेतलेस.

पोराचा ताबा ठरतो तो पोराच्या हितावर. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं असावं असं १९५६ चा पालकत्वाचा कायदा म्हणतो. त्याला पाच पूर्ण व्हायला किती महिने राहिलेत ते वकिलांना सांगून ठेव, कारण समोरून तारखा लांबवल्या जाऊ शकतात. आणि विहीर वाचून दाखवलीच गेली, तर तू जे मला लिहिलंस तेच सांगायचं. उभी राहिले, परत आले, वरणभात भरवला, आणि पुढच्या बैठकीत जाऊन सांगितलं. मनात आलेला विचार गुन्हा नाही. उलटतपासात 'नाही, असं काही झालंच नव्हतं' असं चुकूनही म्हणू नको. वही खरी अन् तू खोटी, असं झालं की बाकीचं सगळं पाण्यात.

मेसेजचे फोटो. तुझा मोबाईल उघडून त्यानं ते काढले, हे चूकच. पण चोरून मिळवला म्हणून कोर्ट पुरावा फेकून देतं असं आपल्याकडं होत नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विभोर गर्ग केसमध्ये नवऱ्यानं गुपचूप केलेली बायकोच्या बोलण्याची रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात चालेल असं ठरवलं. तिथं बोलणं नवरा-बायकोतलं होतं, तुझे मेसेज उपचार करणारीला होते, हा फरक तुझ्या वकिलांनी ठणकावून सांगावा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र त्यांनी दिलंय का तेही बघावं. तू पासवर्ड आणि पॅटर्न बदल. मेसेज पुसू नको.

आता एक बारीक गोष्ट, जी मला तुझ्या पत्रात कुठं दिसली नाही, म्हणून काळजी वाटते. दवाखान्यात पहिल्यांदा गेलीस तेव्हा एखाद्या फॉर्मवर नवऱ्याची सही घेतली होती का? मानसिक आरोग्य कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' असतो. आपल्या उपचारात मदत करायला आपण नेमलेलं माणूस. त्या माणसाला त्याच्या कामापुरती माहिती देता येते, हाही कलम २३ चा अपवाद आहे. आणि आपण कुणालाच नेमलं नसेल तर नातेवाईकाचा नंबर लागतो. म्हणजे नवरा मागच्या दारानं येऊन 'मी तिचा प्रतिनिधी' म्हणू शकतो. हे दार बंद करायला कोर्ट लागत नाही, स्टॅम्पपेपर लागत नाही. कोऱ्या कागदावर, सहीनं किंवा अंगठ्यानं, आपण आपला प्रतिनिधी नेमू शकतो आणि पाहिजे तेव्हा बदलू शकतो.

कौटुंबिक न्यायालयात तुम्हा दोघांना आधी विवाह समुपदेशकाकडं पाठवतील. तिथं घाबरून मुकी बसू नको. आपल्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तिथलं बोलणं गुप्त असतं, दोघांची संमती असल्याशिवाय त्या समुपदेशकाला साक्षीला ओढता येत नाही. मध्यस्थीला पाठवलं तर तिथलंही बोलणं गुप्त असतं. म्हणजे बघ, कोर्टानं दिलेल्या समुपदेशकाला बोलावता येत नाही, अन् दीड वर्ष जिनं तुला धरून ठेवलं तिला बोलावता येतं. कुणीतरी वरपर्यंत नेऊन हा गुंता सोडवायला पाहिजे. एक सावधगिरी मात्र ठेव. मुलाच्या ताब्यासाठी कोर्टानं अहवाल मागवला तर समुपदेशक घरी येतील, तुझं-लेकराचं कसं आहे ते बघून लिहितील. ते कोर्टासमोर जातं. त्यासाठी घर झाडून-पुसून देखावा करू नको. एरवी असतं तसंच राहू दे.

मॅडमकडं पुन्हा जायचं का? जायचं. तू थांबलीस, ते समोरच्या वकिलाला हवंच आहे. 'उपचार अर्धवट सोडले' असं तो लिहील. आणि त्याहून मोठं, तारखा सुरू झाल्यावर रात्री पुन्हा जाग्या राहतील. मॅडमशी आधी बोलून घे की नोंदी कशा ठेवणार. आज कशी होतीस, झोप किती, काय ठरलं, एवढ्या उपचारापुरत्या चार ओळी पुरतात. शब्दन् शब्द उतरवून घ्यायची गरज नसते. हे पुढच्या नोंदींचं, मागच्या पानाला हात लावायचा नाही. संभाजीनगरला जायला पैसे-वेळ नसेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, आणि मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. विहिरीचा विचार परत आला तर तारीख, वकील, वही सगळं बाजूला ठेवून आधी तिथं फोन लाव अन् आईला उठव.

आईवर चिडू नको. तिच्या पिढीला हे परक्या बाईला सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्या बायका जात्याला सांगायच्या, न्हाणीत तोंडावर पाणी मारता मारता रडून घ्यायच्या. तुझी आई कोर्टात साक्षीला येणारच असेल. तेव्हा तिला विहिरीचं दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नको. अवघड आहे, पण तूच सांग. तारखेच्या आधी, वकिलांशी बोलून झाल्यावर, लेकरू झोपल्यावर.

आणि तो कोरा कागद. आज रात्रीच लिही. 'मी अमुक, माझी नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून माझ्या आईला नेमते, याआधी कुणाला नेमलं असल्यास ते रद्द समजावं.' खाली तारीख, तुझी सही, आईची सही किंवा अंगठा. भाऊ असेल आणि त्याच्यावर जास्त भरवसा असेल तर त्याचं नाव टाक, पण आधी त्याला विचार. दोन प्रती काढ. एक डॉक्टरांकडं, एक मॅडमकडं, आणि दोन्हीकडून पोच घे.